आकाशांतील घाट

मलकापुराहून बुलढाण्यास जावयाचें म्हणजे राजूर घाट चढावा लागतो. मलकापूर हें पूर्णेच्या खोऱ्यांतलें, जुन्या वऱ्हाडी परिभाषेंत पायनघाटांतलें गांव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार फुटांच्या आंतच. बुलढाणें बालाघाटाच्या कडेवर, दोन हजार फुटांहूनहि वर. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलें तर दोन्ही गांवांमधील अंतर फारसें नाहीं. परंतु घाटाच्या तोंडाशीं आलेला गाडीवान पट्टीच्या रेषेनें जात नाहीं. तो डोंगराला वळसा घालतो, घटकाभर मुक्कामाकडे पाठ फिरवितो, पुन्हां वळतो, आणि एवढी मोठी उंची हप्त्याहप्त्यानें फेडतो. बोरघाटांत १८६३ सालीं लोहमार्ग पुरा झाला तेव्हां इंजिनियरांना याहूनहि चमत्कारिक युक्ति करावी लागली होती. तेथें गाडी एका ठिकाणीं थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, गाडीचें तोंडच उलट्या दिशेला करीत असत. पुढें जावयासाठीं मागें फिरण्याची ही रीत महाराष्ट्राला अशी जुनीच परिचयाची आहे.

ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकालाहि पुष्कळदां नेमकें हेंच करावें लागतें. त्याला धांवपट्टी दिसत नाहीं. तो तिच्या जवळ येतो, तिच्या दिशेला पाठ करून कांहीं मिनिटें दूर जातो, ठरलेल्या बाजूला ठरलेल्या अंशांत वळतो, आणि मग उलट फिरून धांवपट्टीच्या रेषेंत येतो. या फिरण्यास वैमानिकांच्या भाषेंत 'प्रोसीजर टर्न' असें नांव आहे; मराठींत त्याला 'नेमलेलें वळण' म्हणतां येईल. हें वळण केव्हां घेतलेंच पाहिजे आणि केव्हां तें टाळून सरळ उतरतां येतें, हा प्रश्न वरवर पाहतां एखाद्या खात्याच्या नियमपुस्तकांतला वाटेल. पण या प्रश्नाच्या उत्तरावर शेंकडों माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्याच सह्याद्रींत गेले आहेत.

बुलढाणा जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानें उतरत नाहींत. जिल्ह्याचा विमानांशीं संबंध आहे तो मान वर करून पाहण्याचा. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा काढली तर ती चिखलीच्या दक्षिणेकडून व मेहकरच्या उत्तरेकडून जाते. १९४९ सालीं, म्हणजे हा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड यांत मोडत होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती त्या काळीं, या रेषेला एकाएकीं महत्त्व आलें. त्या वर्षाच्या जानेवारीअखेर रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्रीं चार विमानें निघत. मध्यरात्रीच्या सुमारास तीं नागपुरास एकत्र जमत. तेथें पोत्यांची अदलाबदल होई, आणि पहांटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गांवीं परत जाई. संध्याकाळीं मुंबईंत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वाटलें जाऊं लागलें. मध्यंतरीं खंड पडला, कंपन्या बदलल्या, पण ही व्यवस्था १९७३ पर्यंत, सुमारें दोन तपें, चालली.

सोयीचें हें चित्र मोठें मोहक आहे. परंतु त्या डाकोटा विमानाच्या चालकाच्या जागीं क्षणभर बसून पाहावें. मुंबई सोडून सुमारें दीड तास झालेला आहे. खालीं चिखली असेल, मेहकर असेल, किंवा दोन्ही मागें पडलीं असतील. आषाढांतली रात्र; खालीं एकहि दिवा दिसत नाहीं. वारा नैर्ऋत्येचा आहे एवढें ठाऊक, पण त्याचा जोर वरच्या थरांत किती, तें अंदाजानेंच धरावयाचें. घड्याळ व होकायंत्र यांच्या जोरावर केलेला हिशेब दर तासाला कांहीं मैलांनीं बिघडत जातो. अशा स्थितींत नागपूर 'आलें' म्हणजे नक्की केव्हां आलें? खालीं उतरावयास केव्हां लागावें?

आरंभींच्या वैमानिकांपुढें हा प्रश्न या स्वरूपांत नव्हता, कारण त्यांना न दिसणाऱ्या जमिनीवर उतरावयाचेंच नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले तेव्हां विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, आणि वाटेंत मार्गदर्शक दिवेहि नव्हते. ढग आले तर त्यांच्या खालून जावयाचें, किंवा थांबावयाचें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून त्या महिन्यांत कारभार पुण्यास हलवावा लागे. निसर्गाशीं वाद घालण्यापेक्षां त्याच्यापासून दूर राहणें हेंच त्या काळचें शहाणपण होतें.

वाद घालण्याचें साधन मात्र अमेरिकेंत आधींच तयार होऊं लागलें होतें. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर जिमी डूलिट्ल या वैमानिकानें आपली बैठक कापडी छतानें झांकून घेतली, आणि बाहेरचें कांहींहि न पाहतां, केवळ उपकरणांच्या आधारें विमान उडवून, फिरवून पुन्हां खालीं आणलें. कृत्रिम क्षितिज, सूक्ष्म उंचीमापक आणि बिनतारी दिग्दर्शन हीं त्याचीं तीन मुख्य साधनें. दुसरा एक वैमानिक सावधगिरी म्हणून पुढच्या बैठकींत होता, पण त्याला हात लावावा लागला नाहीं. पुढील कांहीं वर्षांत अमेरिकेंत ठिकठिकाणीं बिनतारी केंद्रें उभीं राहिलीं. त्यांच्या ध्वनींतून चार दिशांना चार अदृश्य वाटा निघत. वाटेच्या एका बाजूला गेल्यास कानांत आंखूड-लांब असा ठोका येई, दुसऱ्या बाजूला लांब-आंखूड. मध्यभागीं दोन्ही ठोके मिसळून एक अखंड सूर होई. आणि केंद्राच्या बरोबर माथ्यावर आलें म्हणजे सूर एकाएकीं बंद पडे. तो निःशब्द क्षण संपला कीं पुन्हां सूर.

पुढें आलेलें साधें बीकन याहूनहि सुटसुटीत. तें सर्व दिशांना सारखाच ध्वनि फेंकतें, आणि विमानांतील एक कांटा त्या ध्वनीकडे बोट दाखवितो. बीकन समोर असेल तोंवर कांटा पुढें. माथ्यावरून विमान गेलें कीं कांटा गर्रकन् फिरून मागें. भारतांत बहुसंख्य विमानतळांनीं दीर्घकाळ याच कांट्यावर विश्वास ठेवला.

या साधनांतच नेमलेल्या वळणाचें मूळ आहे. बीकनचा कांटा दिशा सांगतो. अंतर सांगत नाहीं. बीकन पांच मैलांवर असो वा पन्नास मैलांवर, कांटा सारखाच स्थिर. डोंगराच्या अलीकडे असलेल्या वैमानिकाला आणि पलीकडे असलेल्या वैमानिकाला तो एकच उत्तर देतो. त्याच्याजवळ निश्चयानें सांगण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे 'या क्षणीं तूं माझ्या माथ्यावर आहेस.' साऱ्या अंधाऱ्या आकाशांत वैमानिकाला आपली जागा निःसंशय कळते ती एवढ्या एका बिंदूवर. म्हणून आधीं त्या बिंदूवर सुरक्षित उंचीनें यावें, आणि तेथून पुढील प्रत्येक हालचाल घड्याळानें मोजून करावी, हा नियम झाला. बीकन बहुधा विमानतळावर किंवा त्याच्या जवळच असल्यामुळें माथ्यावर आलेलें विमान उतरण्याच्या दृष्टीनें फार उंचावर व चुकीच्या जागीं असतें. त्याला दूर जाऊन, उंची उतरवून, परत फिरणें भाग पडतें.

हें फिरणेंहि कसें, तें बांधून दिलेलें आहे. एका परिचित रीतीप्रमाणें विमान बीकनवरून नेमलेल्या दिशेनें एक ते तीन मिनिटें बाहेर जातें. मग पंचेचाळीस अंश एका बाजूला वळतें. त्या वळणाच्या आरंभापासून मंद विमानानें एक मिनिट आणि वेगवान विमानानें सव्वा मिनिट मोजावयाचें. त्यानंतर उलट बाजूनें अर्धें वर्तुळ, आणि विमान परतीच्या रेषेवर. दुसऱ्या रीतींत आधीं ऐंशीं अंश एका अंगाला वळून लगेच दोनशें साठ अंश दुसऱ्या अंगाला वळतात. तिसरी रीत शर्यतीच्या घोड्यांच्या मैदानासारखी लांबट फेरी घेण्याची. वळण्याचा वेगहि ठरीव, सेकंदाला तीन अंश, म्हणजे अर्धें वर्तुळ बरोबर एका मिनिटांत. यांत वाऱ्याचा हिशेब वैमानिकानें आपला आपण करावयाचा, कारण ताशीं तीस सागरी मैलांचा वारा एका मिनिटांत विमानाला अर्धा सागरी मैल ढकलून नेतो. पावसाळ्यांतल्या वाऱ्यांत हिशेब चुकला तर परतीची रेषा सांपडण्याऐवजीं ओलांडलीच जाते.

नकाशावर वळणाचा आंकडा ज्या बाजूला काढलेला असतो त्याच बाजूला वळावयाचें, आणि ठरलेल्या अंतरापलीकडे, पुष्कळ ठिकाणीं दहा सागरी मैलांपलीकडे, जावयाचें नाहीं, हाहि नियम तितकाच कडक. नकाशा तयार करणाऱ्यानें टेकड्या, मनोरे, झाडें मोजून, त्यांच्यावर पुरेसें अंतर सोडून खालची उंची ठरविलेली असते. परंतु ही मोजणी फक्त त्या बाजूची आणि त्या मर्यादेच्या आंतली असते. मर्यादेच्या बाहेर तीच उंची घेऊन फिरणारा वैमानिक परक्याच्या मळ्यांतल्या विहिरीजवळून अंधारांत चालणाऱ्या माणसासारखा असतो.

मग हें वळण सक्तीचें केव्हां? थोडक्यांत सांगावयाचें तर नकाशावर तें दाखविलेलें असेल आणि दुसऱ्या कोणत्याहि खात्रीच्या उपायानें विमान अंतिम रेषेवर आणून सोडलेलें नसेल, तेव्हां. हे दुसरे उपाय मोजकेच आहेत. जमिनीवरील नियंत्रक रडारच्या पडद्यावर विमान पाहत असेल, आणि दिशा सांगत सांगत त्याला अंतिम रेषेवर आणीत असेल, तर वळण नको. नकाशावरच एखादी येण्याची वाट 'वळणाविना' म्हणून छापलेली असेल, तर त्या वाटेनें येणाऱ्यास नको. अनेक विमानें एका बिंदूवर थोपवून ठरलेल्या मिनिटाला एकेक सोडलें जात असेल, तर नको. आंतरराष्ट्रीय पद्धतींत दिशेचीहि अट आहे. बाहेर जाण्याच्या रेषेशीं तीस अंशांच्या आंत येणाऱ्या विमानानें थेट वळणास लागावें; इतर अंगांनीं येणाऱ्यानें आधीं बीकनभोंवतीं फेरी घेऊन आपलें तोंड नीट करून घ्यावें. १९४४ च्या शिकागो येथील करारानंतर जी आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटना स्थापन झाली, तिच्या पद्धतीवरच भारताचीहि रीत बसविलेली आहे. अमेरिकेचे नियम शब्दांत थोडे निराळे आहेत. आशयांत फारसे नाहींत.

या साऱ्या अपवादांत एकच सूत्र दिसतें. वळण माफ होतें तें वैमानिकाला घाई आहे म्हणून नव्हे, किंवा तो योगायोगानें धांवपट्टीच्या समोरून येत आहे म्हणूनहि नव्हे. विमान कोठें आहे याविषयीं त्याच्या स्वतःच्या समजुतीबाहेरची, दुसरी कोणती तरी साक्ष उपलब्ध असते, म्हणून तें माफ होतें. रडार ही अशी साक्ष. छापलेली वाट ही साक्ष. अंतर सांगणारें यंत्र ही साक्ष. साक्ष नसेल तर माथ्यावर येऊन कांट्याला विचारावें, मग खालीं उतरावें.

पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या वैमानिकाला या नियमाचा मोह फार पडतो. पश्चिमेकडे तोंड करून उतरावयाचें असलें म्हणजे धांवपट्टी जवळजवळ त्याच्या नाकासमोर असते. वळण घेण्यांत आठ-दहा मिनिटें जाणार, इंधन जाणार, थकलेल्या उतारूंना आणखी हेलकावे बसणार. पण याच वाटेवर सह्याद्रि आडवा पडलेला आहे. दख्खनच्या पठाराचें आणि कोंकणाचें अंतर आडवें मोजलें तर थोडें, उभें मोजलें तर मोठें. आणि दोहोंच्या मध्यें कळसूबाई ५,४०० फुटांवर, हरिश्चंद्रगड साडेचार हजार फुटांवर, असे रखवालदार उभे आहेत. हा कडा ओलांडल्याची खात्री होईपर्यंत उंची सोडावयाची नाहीं, हें या मार्गाचें पहिलें पथ्य.

१२ जुलै १९४९ या दिवशीं मुंबईकरांना याची पहिली भयंकर ओळख झाली. इंडोनेशियाहून हॉलंडकडे निघालेलें के. एल्. एम्. कंपनीचें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान सांताक्रूझला उतरूं पाहत होतें. पावसाळी ढगांनीं टेकड्या वेढल्या होत्या. विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें आणि आंतील पंचेचाळीसहि माणसें मरण पावलीं. त्यांत तेरा अमेरिकन पत्रकार होते. पुलिट्झर पारितोषिक मिळविलेले एच. आर. निकरबॉकर हे त्यांतलेच एक. धांवपट्टी तेथून जेमतेम कांहीं मैलांवर होती. ढगाळ दिवशीं मुंबईच्या त्या बुटक्या टेकड्याहि सह्याद्रीइतक्याच उंच ठरतात.

तथापि नेमलेल्या वळणाचा प्रश्न ज्या अपघातानें उघडा पाडला तो तेरा वर्षांनंतरचा. तो जेथें घडला ती जागा बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाला अनोळखी नाहीं. जिजाबाईंचें माहेर सिंदखेड राजा हें या जिल्ह्यांतलें. आणि त्यांच्या पोटीं शिवाजी महाराज जन्मले तो शिवनेरी किल्ला जुन्नरचा. सिंदखेडहून जुन्नरकडे, आणि जुन्नरहून घाट उतरून कोंकणाकडे, असाच साधारणपणें पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानांचाहि रोंख असतो.

६ जुलै १९६२ ची रात्र. अलितालिया या इटालियन कंपनीचें डी. सी. ८ जातीचें जेट विमान सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे टप्पे घेत मुंबईकडे येत होतें. पुढें कराची, तेहरान आणि रोम. विमानांत पंचायशीं उतारू व नऊ कर्मचारी होते. पावसाळा भर जोरांत. खालीं ढगांचा थर. मध्यरात्र उलटून कांहीं मिनिटें झालीं असतां विमानाशीं असलेलें बिनतारी संभाषण तुटलें. मुंबईच्या ईशान्येस सुमारें पन्नास मैलांवर, जुन्नर भागांतील एका डोंगरावर, सुमारें ३,६०० फुटांच्या उंचीवर तें आदळलें होतें. चौऱ्याण्णवांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं.

चौकशीचा निष्कर्ष थोडक्या शब्दांत आहे, आणि त्यांतील प्रत्येक शब्द तोलून वापरलेला आहे. वैमानिकाची जागेविषयींची गणना चुकली. आपण मुकामाच्या जितके जवळ आहों त्याहून अधिक जवळ आहों असा त्याचा समज झाला. त्यामुळें रात्रीं, उपकरणांवर अवलंबून असतांना, सरळ रेषेंत उतरण्याच्या हेतूनें त्यानें वेळेपूर्वींच उंची सोडली. जागा पडताळून पाहण्याचीं जीं साधनें उपलब्ध होतीं त्यांचा उपयोग त्यानें केला नाहीं. त्या भागासाठीं ठरविलेली किमान सुरक्षित उंची त्यानें मोडली. आणि त्या मार्गावरील डोंगरांचा त्याला परिचय नव्हता.

यांतील 'सरळ रेषेंत' हे शब्द महत्त्वाचे. मुंबईपासून दहा मैलांवर असलेल्या विमानाला ३,६०० फूट ही उंची अगदीं योग्य होती. किंबहुना थोडी अधिकच. उंची बरोबर होती, जागा चुकली होती. नियमानें ठरवून दिलेली उंची राखून विमान बीकनच्या माथ्यापर्यंत आलें असतें, आणि कांटा मागें फिरलेला पाहून मग खालीं वळलें असतें, तर जुन्नरचे डोंगर त्याच्या पोटाखालून केव्हांच सुखरूप मागें पडले असते. पन्नास मैल म्हणजे त्या विमानाच्या तेव्हांच्या वेगानें जेमतेम दहा-बारा मिनिटें. वळण टाळून वांचवावयाचा वेळ साधारण तेवढाच.

दोष एकट्या वैमानिकाच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. खंडाखंडांवरून येणारीं जेट विमानें त्या वेळीं नवीं होतीं. पंख्याच्या विमानांच्या काळांत आंखलेल्या पद्धति त्यांना तशाच लागू केल्या होत्या. दुप्पट वेगानें जाणाऱ्या यंत्रांत पांच मिनिटांची चूक ही दुप्पट मैलांची चूक होते, आणि मैलांतल्या चुकीचें रूपांतर डोंगरांत होतें. घाट तोच राहिला. गाड्या धांवूं लागल्या.

साक्ष असूनहि ती नीट न कळल्यास काय होतें, याचा दाखला भारताला चार वर्षांच्या आंत मिळाला. २४ जानेवारी १९६६ रोजीं एअर इंडियाचें 'कांचनगंगा' हें बोइंग विमान जिनीव्हास उतरण्यासाठीं खालीं येत असतां मों ब्लां पर्वतावर आदळलें. ११७ माणसें गेलीं, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानांतलें एक दिग्दर्शक यंत्र बंद होतें. आपण पर्वत ओलांडला असा वैमानिकाचा समज होता. खालच्या रडार-नियंत्रकाला त्याची चूक दिसली होती, आणि ती त्यानें कळविलीहि. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. सांगणारा एक समजला, ऐकणारा दुसरें.

शब्दांचा हाच घोळ १ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळ अधिक ठळकपणें दिसला. टी. डब्ल्यू. ए. कंपनीच्या विमानाला विमानतळापासून चव्वेचाळीस मैलांवर असतांना 'उतरण्याच्या पद्धतीस परवानगी आहे' असें कळविण्यांत आलें. नियंत्रकाच्या मतें याचा अर्थ, आतां पुढील जबाबदारी वैमानिकाची. वैमानिकाच्या मतें याचा अर्थ, नियंत्रक पाहत आहे, तेव्हां नकाशावर छापलेली खालची उंची घेण्यास हरकत नाहीं. तो अठराशें फुटांकडे उतरूं लागला. वाटेंतला डोंगर जवळजवळ तेवढाच उंच होता, आणि हेलकाव्यांत विमान त्याहूनहि खालीं गेलें. ब्याण्णव माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर नियमांत स्पष्ट लिहिलें गेलें कीं छापील वाटेवर प्रत्यक्ष आल्याशिवाय शेवटची सांगितलेली उंची सोडावयाची नाहीं, आणि नियंत्रकानेंहि ती उंची सांगितल्याशिवाय परवानगी द्यावयाची नाहीं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारें यंत्र मोठ्या विमानांत सक्तीचें झालें तेंहि याच सुमारास.

यावरून सदासर्वदा वळण घेणें हाच सुरक्षित मार्ग, असें कोणी म्हणेल. पण तसेंहि नाहीं. गजबजलेल्या विमानतळावर रडारचा नियंत्रक विमानें तीन-पांच मैलांच्या अंतरानें एका रांगेंत लावीत असतो. अशा रांगेंतून आलेल्या विमानानें नकाशावर वळण दिसतें म्हणून आपल्या मनानें तोंड फिरविलें, तर तें मागून येणाऱ्याच्या अंगावर जाईल. म्हणून रडारनें रेषेवर आणलेल्या विमानास वळण घेण्याची मुभाच नाहीं. हवें असल्यास विचारून घ्यावें. संशय आला तर बिनतारीवर स्पष्ट विचारणें, हें या बाबतींत कमीपणाचें मानलें जात नाहीं. राजूर घाटांतला जाणता गाडीवानहि समोरची गाडी न दिसणाऱ्या वळणावर आधीं हांक देतोच.

आज बीकनचा कांटा हळूहळू इतिहासजमा होत आहे. उपग्रहांच्या आधारें विमानाला आपली जागा क्षणोक्षणीं, डोंगरावर असो वा समुद्रावर, थोड्या फुटांच्या फरकानें कळते. भारताची 'गगन' ही उपग्रहयोजना २०१५ पासून उतरण्याच्या पद्धतींसाठीं उपयोगांत आली. नव्या नकाशांवर येण्याच्या वाटा इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकारानें मांडतात: दोन बाजूंनीं दोन आडव्या वाटा, मध्यें धांवपट्टीकडे जाणारी उभी. डावीकडून, उजवीकडून वा समोरून येणारा वैमानिक एखाद्या टोकाला मिळतो आणि न फिरतां उतरतो. उलट अंगानें येणाऱ्यासाठीं मात्र त्या अक्षराच्या माथ्यावर एक लांबट फेरी अजूनहि काढलेली असते.

बुलढाणा जिल्ह्यावरून रात्रीं जाणारीं विमानें आतां फार उंचावर असतात. नागपूरच्या टपालाच्या डाकोटाचा घरघराट त्यांना नाहीं. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला तेथून मुंबई अजून साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर असते, आणि उतार लागावयाचा असतो तो बराच पुढें, औरंगाबादच्या बाजूला. सिंदखेड राजाच्या माथ्यावरून गेलेला दिवा पाऊण तासाच्या आंत मुंबईच्या धांवपट्टीवर टेकतो. वाटेंत जुन्नरचे डोंगर त्याच्या हजारों फूट खालीं अंधारांत असतात.